एकल प्रवेश प्रमाणीकरणाचा उगम : अथेना प्रकल्प व कर्बेरॉस

एकदाच नाव व परवलीचा शब्द देऊन अनेक संगणकसेवा वापरण्याची 'सिंगल साइन-ऑन' पद्धती आज महाविद्यालयीन ग्रंथालयांपर्यंत पोहोचली आहे. वापरकर्त्याची सोय हाच तिचा मूळ हेतू, असा समज सर्वत्र आढळतो. तिच्या उगमाचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही.

१९८३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन व आयबीएम यांच्या साहाय्याने 'अथेना प्रकल्प' सुरू झाला. तत्पूर्वी सारे वापरकर्ते एकाच मोठ्या संगणकाशी जोडलेले असत; त्याने ओळख पटवली की प्रश्न मिटे. अथेनाने ही घडी मोडली. टपाल, फायली, छपाई या सेवा निरनिराळ्या यंत्रांवर गेल्या, आणि समोरचे वर्कस्टेशन कोणाच्याही हाती असू शकत होते. तारेवरील मजकूर तिऱ्हाइताला वाचता येत असल्याने प्रत्येक सेवेकडे परवलीचा शब्द पाठवणे म्हणजे तो चव्हाट्यावर मांडणेच होते.

स्टीव्ह मिलर व क्लिफर्ड न्यूमन यांनी नीडहॅम व श्रोडर यांच्या १९७८ च्या सिद्धान्ताच्या आधारे यावर जी व्यवस्था रचली, तिला पाताळाचे द्वार राखणाऱ्या ग्रीक श्वानाचे नाव मिळाले. (आपल्या वाचकास येथे यमाचा मार्ग राखणारे सरमेचे पुत्र आठवतील.) तिचे मर्म असे : वापरकर्ता आपले नाव कळवतो; मध्यवर्ती सेवक त्याच्या परवलीच्या शब्दापासून बनलेल्या किल्लीने कुलूपबंद केलेले उत्तर पाठवतो. ज्याला तो शब्द ठाऊक, त्यालाच ते उघडते. शब्द स्वतः तारेवरून जातच नाही. उत्तरात मिळालेल्या मुदतबंद परवान्यावर पुढे प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र परवाना मिळतो. जुन्या कागदपत्रांतील दस्तकाशी याचे साम्य आहे. चौकीदार प्रवाशाला ओळखत नसे, शिक्क्याला ओळखत असे. सुरुवातीला हा परवाना आठ तासांचा असे. थोडक्यात, तारेवरच्या अविश्वासातून जे जन्मले, त्याचे सोय हे आनुषंगिक फळ होय.

दोषही तेथेच दडले होते. चौथ्या आवृत्तीत सेवक मागेल त्याला ते कुलूपबंद उत्तर देई. ते घरी नेऊन दुबळे शब्द सवडीने ताडून पाहता येत. १९९३ च्या पाचव्या आवृत्तीत पूर्व-प्रमाणीकरणाची सोय झाली. मध्यवर्ती सेवक फुटला तर सर्वस्व जाते, ही अडचण मात्र रचनेतच आहे आणि, माझ्या मते, तिची चर्चा होते त्याहून अधिक व्हावयास हवी.

विंडोज २००० ने पाचवी आवृत्ती स्वीकारली व ती कार्यालयांत रुजली. संस्थेच्या सीमेबाहेर, महाजालावर, हेच काम सॅमल या प्रमाणकाने केले. त्याची दुसरी आवृत्ती २००५ ची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा 'इन्फेड' महासंघ याच परंपरेतील. तेथे प्राध्यापकाची ओळख त्याची स्वतःची संस्था पटवते आणि प्रकाशक तिच्या शब्दावर नियतकालिक खुले करतो. साहजिकच संस्था सोडून गेलेल्यांची नावे वेळीच वगळण्याची जबाबदारीही त्या संस्थेवरच येते.