रग्बी : ‘बॅक रो’ची निवड

रग्बी युनियनमध्ये पंधरा जणांच्या संघात आठ फॉरवर्ड असतात. त्यांपैकी ६, ७ व ८ क्रमांकाच्या तिघांना ‘बॅक रो’ म्हणतात. ब्लाइंडसाइड फ्लँकर प्रतिस्पर्ध्यांची चढाई अंगावर घेऊन थोपवतो. ओपनसाइड फ्लँकर मैदानावर सुटलेल्या चेंडूवर सर्वांआधी झडप घालतो. ‘नंबर एट’ स्क्रममधून मागे आलेला चेंडू घेऊन मुसंडी मारतो. म्हणूनच राष्ट्रीय संघ निवडताना केवळ गुणवान नव्हे, तर परस्परपूरक असे तिघे हेरावे लागतात.

२००३ च्या विश्वचषकात इंग्लंडकडे रिचर्ड हिल, नील बॅक आणि लॉरेन्स डलालिओ हे असेच त्रिकूट होते. त्यांतील बॅकला पूर्वी कमी उंचीपायी डावलण्यात आले होते. सलामीलाच जॉर्जियाविरुद्ध हिल जायबंदी झाला. तरीही प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड यांनी बदली खेळाडू न बोलावता त्याची जागा राखून ठेवली. हिल थेट उपांत्य सामन्यात परतला आणि इंग्लंडने फ्रान्सला २४-७ असे नमवले.

अंतिम सामन्याच्या जादा वेळेत हिलच्या जागी लुईस मूडी उतरला. लाइनआउटमध्ये त्याने झेललेल्या चेंडूवरूनच जॉनी विल्किन्सनचा निर्णायक ड्रॉप गोल साकारला आणि ऑस्ट्रेलिया २०-१७ असा पराभूत झाला. पहिल्या तिघांइतकीच चौथ्याची निवडही मोलाची ठरली.