पंडिता रमाबाईंची प्रार्थना

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाच्या खर्चाचा हिशेब लिहिणे वेगळे आणि इतिहास लिहिणे वेगळे. पण पंडिता रमाबाईंविषयी जे वाचले ते मनातून जाईना. आपल्याकडे त्यांचे नाव निघाले की दोन वाक्ये ठरलेली असतात. त्या थोर विदुषी होत्या, हे एक; पण त्या ख्रिस्ती झाल्या, हे दुसरे. त्या ‘पण’च्या पुढे कोणी जात नाही. ख्रिस्ती झाल्यानंतर त्या बाईच्या मनाचे काय झाले, हे मला जाणून घ्यावेसे वाटले.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, त्यामुळे शास्त्रीमंडळींचा रोष झाला व ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तेथेच या जन्मल्या. पुढे सारे कुटुंब तीर्थे करीत, पुराणे सांगत पायी देशभर हिंडले. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतराने गेली. नवस, उपास, दानधर्म, सगळे करून झाले होते. सोळा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच मागे उरले.

1878 साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. रमाबाईंची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तेथेच त्यांनी प्रथम ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. सगळी मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसलेली. या भावंडांना वाटले, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात! मला हे वाचून हसू आले आणि लगेच थोडी लाजही वाटली. रेल्वेचा पूल ओलांडून आपण तलावपाळीला कितीदा जातो, तेथले सेंट जॉनचे जुने चर्च बाहेरून पाहतो, पण आत लोक काय मागतात, कसे मागतात, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असते?

भाऊ 1880 साली वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला, मुलगी मनोरमा झाली, आणि लग्नाला दोन वर्षे पुरी होण्याआधीच, 1882 मध्ये, नवराही गेला. सिल्चरच्या त्यांच्या घरी लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका रमाबाईंच्या हाती लागली होती व ती त्यांना आवडली होती. नवऱ्याला मात्र हे पसंत नव्हते. पुढे त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 1883 साली लहान मुलीला घेऊन विलायतेस गेल्या.

तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. त्या भगिनींनी त्यांना लंडनमध्ये एक आश्रम दाखवला. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांची तेथे मायेने शुश्रूषा होत असे. रमाबाईंनी विचारले, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. जिच्याशी कोणी बोलत नसे तिच्यापाशी येशूने पाणी मागितले, ती गोष्ट. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

आता येथे कथा संपेल असे आपल्याला वाटते. पण खरी कथा येथून पुढे. रमाबाई कुणाच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या नव्हत्या. मठातल्या भगिनींशी त्यांनी धर्ममतांवरून पत्रोपत्री वाद घातला. शाकाहार सोडला नाही. क्रुसावरची अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. एवढे असूनही त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. बुद्धीला पटले होते, जिवाला शांती नव्हती. ती शांती त्यांना 1891 च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, शास्त्रवाचन व प्रार्थना करता करता लाभली. एवढ्या मोठ्या पंडितेने आपली आठ वर्षांची कोरड अशी उघड सांगावी, याचे मला फार नवल वाटते. आपण एक पारायण केले की चार घरी सांगतो.

मधल्या काळात, 11 मार्च 1889 रोजी, त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडले होते. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्यांच्याशी पुढे 1893 मध्ये महर्षी कर्वे यांनी पुनर्विवाह केला. सदनात धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली गहजब झाला, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले व वीसपंचवीस मुली पालकांनी नेल्या.

या वादात मला दोन्ही बाजू दिसतात. विश्वासाने लेक ठेवली त्या बापाची भीती खोटी म्हणता येत नाही; काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. पण आपल्याच खोलीत देवाचे नाव घ्यायला बाईने दार लावून बसावे, हेही मला पटत नाही. घरातल्या बाईची पूजा कधी लपून राहिली आहे काय?

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. आपल्या आईबापांचे हाल डोळ्यांपुढे होतेच. तीनशे मुली आणायच्या असा प्रार्थनेत निश्चय करून त्यांनी उपाशी मुली गोळा केल्या. पुण्यात प्लेग, तेव्हा पुणे-दौंड मार्गावरील केडगावच्या माळावर बिऱ्हाड हलवले. विहिरी खणल्या, शेत धरले, ‘मुक्ती’ उभी राहिली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथे दीड हजारांवर माणसे झाली. विणकाम, शेती, छापखाना, सगळे बायकाच करीत. टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन निघाले. लंडनला पाहिलेले ते येथे उतरले. मनोरमाबाई आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवीत. 1905 साली रोज प्रार्थनेला जमणाऱ्या मुली सत्तरांवरून पाचशेंवर गेल्या. मला मात्र त्या प्रार्थनेपेक्षा, तीतून उठून एवढ्यांचा स्वयंपाक कोणी व कसा केला असेल, हाच विचार आधी सुचतो.

उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून सारे बायबल सोप्या मराठीत उतरवायला घेतले. खेड्यातल्या बाईला वाचून कळावे एवढाच हेतू. खिळे जुळवणे, छापणे, बांधणे मुक्तीतल्या मुलींनीच केले. या कामाला वर्षानुवर्षे लागली. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक लेक. तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला, तो पाहायला दोघीही नव्हत्या.

केडगावचे काम आजही चालू आहे. सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीतून ते स्टेशन लागते. यंदा मंडळाच्या सहलीचा विषय निघेल तेव्हा मी केडगावचे नाव सुचवणार आहे. डबे आपले आपण न्यावेत.