पगारातले दोनशे रुपये आणि पाझर तलाव

मंडळी, सुरुवात पगाराच्या चिठ्ठीपासून करू. इथे शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, तहसीलमधले आहेत. तुमच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे झाले अडीच हजार. चिठ्ठीवर ‘पी. टी.’ लिहिलेलं असतं, म्हणजे व्यवसाय कर. हा कशासाठी, असं विचारलं तर बहुतेक जण ‘सरकारचा काहीतरी कर’ एवढंच सांगतात. शिवारातल्या नालाबांधाशी, गावाबाहेरच्या पाझर तलावाशी त्याचं नातं आहे म्हटलं तर लोकांना गंमत वाटते. नातं आहे, आणि आजचं व्याख्यान त्या नात्यावरच आहे.

विषय पाणी, माती, झाडं राखायला लागणाऱ्या पैशाचा आहे. एकदाच मिळणारं अनुदान आपल्याला ठाऊक आहे: येतं, फलक लागतो, संपतं. प्रश्न दरवर्षी येत राहणाऱ्या पैशाचा आहे. हा प्रश्न छोट्या बेटांच्या देशांना फार लवकर आणि फार टोकदारपणे भेडसावला. त्यामुळे थोडा वेळ तीर्थपुरीहून पॅसिफिक महासागरात जाऊ. लगेच परत येऊ, घाबरू नका.

पलाऊ नावाचा देश आहे. लोकसंख्या साधारण अठरा हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं बाजारगाव. शेती थोडी, कारखाने जवळपास नाहीतच. आहे तो समुद्र आणि त्यातली प्रवाळं. ती बघायला पर्यटक येतात. तिथे जुनी रीत होती, तिला ‘बुल’ म्हणतात. मासे कमी झाले की गावचे प्रमुख समुद्राचा तेवढा भाग काही काळ बंद करायचे. आपल्याकडची चराईबंदीच, फक्त पाण्यातली! २००३ मध्ये त्यांनी संरक्षित क्षेत्रांचं जाळं उभारायचा कायदा केला. मग राखणदारांचा पगार, बोटींचं इंधन कुठून आणायचं? २००९ पासून परत जाणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून १५ डॉलर घ्यायला सुरुवात झाली. पुढे ते ३० झाले, आणि २०१८ पासून विमानाच्या तिकिटातच १०० डॉलर धरले जाऊ लागले. सेशेल्सने वेगळी वाट धरली. २०१६ मध्ये दोन कोटी डॉलरहून अधिक परदेशी कर्जाची फेरमांडणी करून घेतली आणि त्याच्या हप्त्यांतला काही भाग समुद्रसंवर्धनाच्या स्वतंत्र निधीकडे वळवला. कर्जाच्या हप्त्यातून झाडाला पाणी, असं म्हणा.

पलाऊच्या व्यवस्थेतली खरी खुबी शंभर डॉलरमध्ये नाही. पैसे देणारा माणूस ज्यासाठी आला, तीच गोष्ट त्या पैशाने राखली जाते. प्रवाळ मेलं की पर्यटक गेला, पर्यटक गेला की निधी गेला. हेच तिचं दुखणंही आहे. २०२० मध्ये करोनामुळे विमानं थांबली आणि त्या वर्षी हे उत्पन्न जवळजवळ आटलं. एकाच विहिरीवर सगळी बाग लावली की काय होतं, हे मोसंबीवाल्यांना सांगायची गरज नाही.

आता घरी येऊ. वि. स. पागे हे विधानपरिषदेचे सभापती होते, मूळ तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६५ च्या सुमारास त्यांनी आपल्या भागात एक साधा प्रयोग करून पाहिला: काम मागेल त्याला काम, आणि ते काम शक्यतो जमिनीचं नि पाण्याचं. मग १९७२ चा दुष्काळ आला. इथल्या ज्येष्ठांना तो सांगायला नको. खडी फोडलेले हात अजून आहेत, सुकडीची नि मिलोची चव अजून जिभेवर आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती.

त्या दुष्काळाचा इतिहास सांगताना खडी आणि सुकडी येते, पण त्यानंतर विधिमंडळात झालेली एक गोष्ट सहसा येत नाही. आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते. हमी द्यायची तर पैशाची वाट पक्की हवी, म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर आणला. जोडीला वाहनांवर, विक्रीकरावर, बागायती जमिनीवर जादा आकार बसवले, आणि करातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मुंबईचा कारकून, पुण्याचा डॉक्टर आणि ऊसवाला बागायतदार मिळून जिरायती गावातल्या बंधाऱ्याची मजुरी भरतील, असा तो करार होता. दुकानदारांनी घरपट्टीचं बिल काढून बघावं, त्यात रोजगार हमी कर वेगळा लिहिलेला सापडेल.

अडीच हजारांचा आकडाही सहज आलेला नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा होती. १९८८ मध्ये घटनादुरुस्ती होऊन ती २,५०० झाली. तेव्हापासून ती तशीच आहे. मजुरी वाढली, सिमेंट वाढलं, डिझेल वाढलं. कराचं माप जागेवर.

या पैशातून नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि रस्ते झाले. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत पाण्याची पहिली पक्की सोय या कामांनी केली, हे मान्य केलंच पाहिजे. पण करार दोन ठिकाणी उसवला. एक तर पुढच्या काळात कर जमत राहिला आणि तेवढी कामं निघाली नाहीत. राखून ठेवलेला पैसा राज्याच्या मोठ्या तिजोरीत विरघळत गेला. २००८ मध्ये केंद्राचा कायदा सगळ्या जिल्ह्यांत आला, अकुशल मजुरीचा भार दिल्लीने घेतला. व्यवसाय कर मात्र चालूच राहिला. दुसरं जास्त खोल आहे. योजना होती मजुरीची. तलाव बांधताना मजुरी निघते, पण दहा वर्षांनी सांडव्याची दोन दगडं निखळली तर त्यासाठी कोण हजेरीपट काढणार? पैसे देणाऱ्या मुंबईकराला तलाव माहीत नाही, आणि तलावाकाठच्या शेतकऱ्याने त्यासाठी काही भरलेलं नाही. पलाऊत जी गाठ होती, ती इथे बसलीच नाही.

ही गाठ बसवायचा प्रयत्न आपल्याच जिल्ह्यात झाला, जालना तालुक्यातल्या कडवंचीत. १९९६ मध्ये इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे काम सुरू झालं. पैसा जर्मनीचा, नाबार्डमार्फत. गावात उभे राहिले विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची माणसं. त्या कार्यक्रमाची अट अशी की गावाने आधी श्रमदान करायचं, चराईबंदी नि कुऱ्हाडबंदी पाळायची, आणि मागाहूनच्या डागडुजीसाठी देखभाल निधी ठेवायचा. म्हणजे पाहुण्याच्या पैशात गावचा घाम मिसळलेला. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. कडवंचीची द्राक्षं त्या साली तगली.

इथे थांबलो असतो तर यशोगाथा झाली असती. पण द्राक्षाने पैसा आला, पैशाने शेततळी आली, तळ्यांना प्लास्टिकचा कागद आला. पावसाचं पाणी तर त्यात जातंच, पण विहिरीचं पाणी उपसूनही उन्हाळ्यासाठी भरून ठेवलं जातं. सगळ्या गावाने श्रमदानाने जमिनीत मुरवलेलं पाणी काहींच्या तळ्यात साठतं. ज्याच्याकडे तळं नाही, त्याच्या विहिरीचं काय? श्रमदान त्यानेही केलं होतं. तळ्यांना दोष देऊन हात झटकणं आम्हाला पटत नाही, त्यांनी घरं तारली आहेत. मात्र चर खणताना नियम झाले तसे उपशाचे नियम बहुतेक गावांत झालेच नाहीत, हे कडवंचीपुरतं खरं नाही.

जुन्या लोकांना हे जमलं होतं का? धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धत शतकानुशतकं चालली. बंधारा गावाचा, पाणी फडाच्या क्रमाने, पाटाचा गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा, आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा मोबदला पाणी घेणाऱ्यांनीच द्यायचा. तिथे पाणी कोणी किती घ्यायचं हे आधी ठरलेलं असे, आणि खर्चाची वाटणी त्याच्या मागोमाग येई.

असाच एक व्यवहार जालन्यात झाला. कुंडलिकेवरचा घाणेवाडी जलाशय निजामाच्या काळातला, शहराला पाणी पाजणारा, आणि गाळाने भरलेला. नागरिकांनी वर्गणी काढून यंत्रं लावली. गाळ वाहून नेला शेतकऱ्यांनी, आपल्या ट्रॅक्टरने, आपल्या डिझेलने. कारण तो गाळ मुरमाड रानावर पसरला की कापूस वेगळा दिसतो. शहराला खोली मिळाली, रानाला माती. २०१७ मध्ये सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली तेव्हाही वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्याच अंगावर ठेवला होता, आणि तरी ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या.

आता प्रश्न घेऊ. पण त्याआधी एक विनंती: तुमच्या गावच्या पाझर तलावाचा सांडवा शेवटचा कधी दुरुस्त झाला आणि पैसे कोणी दिले, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी आधी हात वर करावा.