मिरर : मुक्तस्रोत प्रकल्पाचा

एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पाचा कोड एकाहून अधिक ठिकाणी ठेवून, मूळ ठिकाणी झालेला प्रत्येक बदल बाकीच्या ठिकाणी आपोआप पोचेल अशी केलेली व्यवस्था. मूळ रेपो, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेली जागा, एकच असतो, बाकीचे त्याचे मिरर. मिररमध्ये कोणी थेट कमिट करत नाही. तसे करू लागले की तो मिरर राहत नाही, त्याचा फोर्क होतो. हा फरक सैल सोडला की दोन प्रती दोन वाटांना लागतात आणि त्या पुन्हा जुळवताना नाकी नऊ येतात.

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन लिहिले. त्यात क्लोन घेतला की नुसत्या ताज्या फाइली येत नाहीत, प्रकल्पाचा पहिल्या दिवसापासूनचा इतिहास येतो. अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी बसून काम करणाऱ्याला या गुणाची किंमत चटकन कळते. रेपो एकदा उतरवून घेतला की जुने बदल पाहणे, ब्रांच काढणे, कमिट करणे या कशालाच नेट लागत नाही. नेट लागते ते पुश करताना आणि दुसऱ्यांचे काम ओढून घेताना. म्हणजे गिट मुळात कोणत्याही एका ठिकाणावर अवलंबून नाही. माणसे मात्र एका पत्त्यावर जमतात, आणि २००८ मध्ये रेपो ठेवण्याची गिटहब ही सेवा सुरू झाल्यानंतर जगातल्या बहुतेकांचा पत्ता तोच झाला.

एका पत्त्यावर विसंबल्याचे परिणाम पुष्कळदा दिसले आहेत. गूगल कोड ही अशीच सेवा बंद होणार असे मार्च २०१५ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. गिटोरियसही २०१५ मध्ये मिटले. बिटबकेटने २०२० मध्ये मर्क्युरिअल या गिटसारख्याच साधनाचे रेपो ठेवणे थांबवले. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये गिटहब ७.५ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांनी आपले प्रकल्प गिटलॅबवर हलवले. भारतातला अनुभव याहून जवळचा आहे. डिसेंबर २०१४ च्या अखेरीस दूरसंचार विभागाच्या आदेशाने ३२ संकेतस्थळे अडवली गेली. त्यांत गिटहब होते, व्हिमिओ होते, इंटरनेट आर्काइव्हही होते. पुढे ती बंदी उठली. पण ज्याचा कोड फक्त गिटहबवर होता त्याच्यापुढे तेवढ्या दिवसांसाठी दुसरा पत्ता नव्हता. नोव्हेंबर २०२१ मध्ये हिंसाचारानंतर अमरावती शहरात इंटरनेटच काही दिवस बंद ठेवले गेले. अशा वेळी जगात दहा मिरर असले तरी त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही; आपल्या डिस्कवरचा क्लोन तेवढा कामी येतो. संपूर्ण रेपो एका फाइलीत बांधून पेनड्राइव्हवरून नेण्याची सोय गिटमध्ये आहे, तिला बंडल म्हणतात. मिररचा विचार करणाऱ्याने तीही शिकून घ्यावी.

नुसत्या प्रती असून भागत नाही, हे अमरावती जिल्ह्यातल्याच एका ग्रंथाने सातशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ.स. १२७८ च्या आसपास, चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगावी फिरून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धाडीत मूळ पोथी गेली. अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, पण एकच राहिला नाही. हिराइसा पाठासारखे वेगवेगळे पाठ तयार झाले. मूळ हाताशी नसल्यामुळे कोणता शब्द म्हाइंभटांचा, हे ठरवायला वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकाला पोथीला पोथी लावून पाहावी लागली. त्यांची संपादित प्रत १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली. ग्रंथ वाचला तो अनेकांनी जपल्यामुळे, आणि पाठभेद वाढले ते प्रत्येक प्रत मुळाशी ताडून पाहण्याचे साधन नसल्यामुळे.

गिटमध्ये ते साधन आहे. प्रत्येक कमिटला त्याच्या मजकुरातून काढलेली एक खूण मिळते, तिला हॅश म्हणतात. रूढ पद्धतीत ती ४० अक्षरांची असते. हॅश काढताना आधीच्या कमिटचा हॅशही मोजणीत धरला जातो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या एका ओळीतला स्वल्पविराम कोणी बदलला, तरी तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात.

मिरर करण्याच्या रीती साध्या आहेत. एकाच रिमोटला पुशचे दोन पत्ते जोडले की एका आज्ञेत कोड दोन्हीकडे जातो. एकट्याच्या लहान प्रकल्पाला एवढे पुरते. गिटलॅब आणि फोर्जेजो यांत पुश-मिररची सोय आहे. फोर्जेजो या सॉफ्टवेअरवर कोडबर्ग ही रेपो ठेवण्याची सेवा चालते, आणि ती चालवणारी संस्था बर्लिनमधली ना-नफा संस्था आहे. तिसरी रीत म्हणजे मिरर पर्यायासह क्लोन घेऊन, ठरावीक वेळाने मूळचे बदल प्रून पर्यायासह ओढून घेणे आणि मिरर पर्यायासह पुश करणे. इथे जपून राहावे. हा पुश समोरचा रेपो आपल्यासारखा हुबेहूब करतो. आपल्याकडे नसलेली ब्रांच तिथे असेल तर ती पुसून टाकतो. मूळ ठिकाणी चुकून ब्रांच उडवली तर पुढच्या फेरीत मिररमधूनही ती जाते. म्हणून मिररला बॅकअप समजू नये. बॅकअपमध्ये कालची अवस्था परत मिळते, मिररमध्ये फक्त आजची.

दुसरी उणीव जास्त खोल आहे. गिट फक्त कोड आणि त्याचा इतिहास नेते. इश्यू, त्यावरची चर्चा, पुल रिक्वेस्टवरचे शेरे हे सगळे त्या त्या सेवेच्या डेटाबेसमध्ये असतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबचा डेटाबेस चुकून पुसला गेला आणि सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. रेपो शाबूत राहिले, गेल्या त्या चर्चा. अमुक बदल का केला, हे पुष्कळदा त्या चर्चेतच असते. म्हणून कारण कमिटच्या संदेशात लिहिण्याची सवय ही मिररइतकीच मोलाची आहे. लार्ज फाइल स्टोरेजमधल्या मोठ्या फाइलीही साध्या मिररने जात नाहीत, त्या वेगळ्या पाठवाव्या लागतात.

महाराष्ट्रातले नेमके उदाहरण शोभिका या देवनागरी फाँटचे. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा फाँटवरून तो मुंबईच्या आयआयटीत बांधला गेला आणि ओपन फाँट परवान्याखाली खुला केला. त्याचा स्रोत गिटहबवर आहे आणि तयार फाँट टेक (TeX) ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरणाऱ्यांच्या सीटॅन या संग्रहात आहे. सीटॅनचे मिरर अनेक देशांत चालतात, त्यामुळे फाँट एका संकेतस्थळाच्या भरवशावर नाही. पण सीटॅनकडे जाते ती प्रसिद्ध झालेली आवृत्ती. अक्षरांचे वळण कसकसे घडत गेले, तो इतिहास रेपोतच राहतो. सरकारी खर्चातून घडलेल्या मराठी साधनांचे रेपोसुद्धा निदान दोन ठिकाणी असावेत, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

मिरर ठेवणाऱ्याने मूळ रेपो कोणता आणि इश्यू कुठे नोंदवायचे, हे दोन्ही ठिकाणच्या रीडमीत पहिल्या ओळीत लिहावे. मिररवरचे इश्यू बंद ठेवावेत, नाहीतर कोणीतरी तिथे मनापासून लिहिते आणि ते कोणीच वाचत नाही. मिररला पुशची परवानगी देणाऱ्या टोकनची मुदत संपली की मिरर निमूटपणे थांबतो. पान दिसत राहते, कोड जुना होत जातो. म्हणून महिन्यातून एकदा दोन्हीकडच्या मुख्य ब्रांचच्या शेवटच्या कमिटचा हॅश काढून शेजारी ठेवावा. तो जुळला तर त्या ब्रांचचा पहिल्या कमिटपासूनचा सगळा इतिहास जुळतो.