पाठलाग

मराठी रहस्यपट (१९६४). दिग्दर्शक राजा परांजपे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारित आहे. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलापुढे (काशिनाथ घाणेकर) हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आरोपी स्त्री येते व ‘मीच तुमची पत्नी’ असा दावा करते. तो खरा की खोटा, या प्रश्नावर कथानकाची उत्कंठा टिकून राहते आणि तिचा सारा भार नायिका भावना यांच्या दुहेरी भूमिकेवर आहे. गीते ग. दि. माडगूळकर यांची, संगीत दत्ता डावजेकर यांचे. ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ हे आशा भोसले यांनी गायिलेले गीत विशेष गाजले. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक ‘पाठलाग’ला मिळाले. राज खोसला यांनी याच कथेवर साधना व सुनील दत्त यांना घेऊन ‘मेरा साया’ (१९६६) हा हिंदी चित्रपट काढला.