मगधाचीं शेतें आणि रेशमी ठिगळें

गौतम बुद्ध एकदां राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चालले असतां वाटेंत त्यांना मगधाचीं शेतें दिसलीं. चौकोनी खाचरें, त्यांच्यामधून सरळ गेलेले बांध, आडव्या बांधांना येऊन मिळालेले उभे बांध. भिक्षूंचीं चीवरें अशा घडणीचीं करतां येतील काय, असें त्यांनीं आनंदाला विचारलें. आनंदानें तुकडे जोडून तशीं चीवरें करून दाखविलीं. तुकडा म्हणजे खाचर आणि शिवणीची पट्टी म्हणजे बांध! थोडक्यांत सांगितलेलें ह्यानें विस्तारानें जाणलें, असें म्हणून बुद्धांनीं आनंदाला वाखाणलें. विनयपिटकांतील महावग्गांत ही हकीकत आहे.

कापड मुद्दाम कापण्याचें कारणही तेथेंच सांगितलें आहे. कापलेल्या वस्त्राची किंमत उतरते व चोराला त्याचा लोभ सुटत नाहीं. भिक्षूंना रेशीम वर्ज्य होतें, असा कित्येकांचा समज असतो. तो खरा नव्हे. चीवरासाठीं मान्य केलेल्या सहा प्रकारच्या कापडांत सुताप्रमाणें रेशीमही आहे. विरक्ति धाग्यांत नव्हती, कात्रींत होती.

हें चीवर चीनमार्गें जपानांत गेलें. ‘काषाय’ ह्या आपल्या शब्दाचाच तेथें ‘केसा’ झाला. सम्राट् शोमु ह्यानें राज्यत्याग करून भिक्षुवेष घेतला होता. नारा येथील ज्या महाबुद्धमूर्तीचा संकल्प त्यानें केला, तिचे नेत्र इ. स. ७५२ मध्यें बोधिसेन नांवाच्या भारतीय भिक्षूनें रेखाटले. ७५६ मध्यें शोमु वारला, तेव्हां राणी कोम्यो हिनें त्याच्या सहाशेंहून अधिक वस्तू त्या मूर्तीला अर्पण केल्या. ह्या दानाची यादी अद्याप आहे. तिच्या आरंभीं रत्नें नाहींत, तरवारी नाहींत. आहेत त्या नऊ केसा.

त्यांतील कांहींना यादींत ‘वृक्षाच्या सालीच्या रंगाची’ असें म्हटलें आहे. ह्यांची रचना मगधाच्या शेतांहून एक पाऊल पुढें गेलेली आहे. निळ्या, हिरव्या, पिवळ्या, तांबूस रेशमाचे वेडेवांकडे तुकडे एकमेकांवर चढवून मांडावयाचे आणि वरून सगळ्या पृष्ठभागावर बारीक धांवदोऱ्याच्या ओळी घालावयाच्या. आपल्या घरची गोधडी ज्या टांक्यानें शिवतात, तोच हा टांका. ओळींवर ओळी पडत गेल्या म्हणजे तुकड्यांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात, रंग एकमेकांत मिसळतात, आणि जुन्या झाडाची खरबरीत साल पाहत आहों असें वाटूं लागतें. पुढें जपानांत ह्या तऱ्हेला ‘दूरचे डोंगर’ असेंही नांव पडलें. धुक्यांतून दिसणाऱ्या रांगा ज्यानें पाहिल्या असतील त्याला तें पटेल. चित्रकाराला कुंचल्यानें जें साधतें, तें येथें सुईनें साधलें आहे, आणि तेंही झाडाचें वा डोंगराचें चित्र न काढतां. कशिद्याच्या कित्येक झगझगीत पडद्यांपेक्षां ही साल सरस आहे. कालांतरानें मात्र उंची किनखाप मुद्दाम कापून पुन्हां जोडूं लागले. तेव्हां ठिगळ राहिलें आणि दारिद्र्य गेलें.

तुन्हुआंगच्या वस्त्राचें नशीब निराळें. तेथील सहस्रबुद्ध लेण्यांतील एक कोठडी अकराव्या शतकाच्या सुमारास भिंत घालून बंद केली गेली होती. वांग नांवाच्या ताओपंथी पुजाऱ्याला ती १९०० मध्यें सांपडली. १९०७ मध्यें ऑरेल स्टाइन तेथें पोंचला. देवळाच्या दुरुस्तीसाठीं पैसा जमविण्याच्या खटपटींत असलेल्या त्या पुजाऱ्याला थोडीशी चांदी देऊन त्यानें हस्तलिखितांच्या चोवीस पेट्या आणि चित्रें व वस्त्रें यांच्या पांच पेट्या हलविल्या. विद्येचा लाभ मोठा झाला हें खरें. पण त्याला सौदा म्हणणें कठीण आहे. त्या पेट्यांत आठव्या-नवव्या शतकांतील सुमारें पांच फूट लांबीचें एक ठिगळांचें रेशमी वस्त्र होतें: कोठें फुलापानांचा कशिदा, कोठें छापील रेशीम, आणि मधून बांधांसारख्या सरळ पट्ट्या. स्टाइनच्या ह्या सफरीला हिंदुस्थान सरकारचाही पैसा लागला होता. म्हणून वांटणी झाली, आणि कांहीं रेशमी चित्रें दिल्लीच्या वांट्यास आलीं. मगधाच्या शेतांचा हा रेशमी आराखडा लंडनलाच राहिला.