सातबाऱ्याच्या प्रती : सातारा आणि सांगली

सन 1949 मध्ये सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा करण्यात आला. 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. तासगाव, खानापूर, वाळवा व शिराळा हे जुन्या साताऱ्याचे तालुके आणि सांगली, मिरज, जत ही विलीन संस्थाने यांची दप्तरे अशा रीतीने एका जिल्ह्याखाली आली. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने साऱ्या राज्यास एकच कायदा दिला. तथापि सातबारा हस्तलिखितच राहिला. संगणकीकरणाने हे पालटले. प्रतिकृतीच्या पद्धतीत एका सर्व्हरवरील नोंद जोडलेल्या सर्व्हरांवर आपोआप उमटते. त्यामुळे एक बंद पडला तरी दुसरा काम चालवितो. परंतु चुकीने नोंदलेले क्षेत्रही तितक्याच बिनचूकपणे सर्व प्रतींत उतरते. प्रती परस्परांशी जुळल्या, एवढ्याने शेतकऱ्याचा हक्क सिद्ध होत नाही. म्हणूनच 2017 मध्ये राज्यात चावडीवाचन योजून संगणकीय उतारे हस्तलिखितांशी व खातेदारांच्या माहितीशी ताडून पाहावे लागले. फेरफार प्रमाणित करण्याचा अधिकारही अधिनियमाच्या कलम 150 अन्वये महसूल अधिकाऱ्याकडेच आहे.